व्याधीचा नेमका ठाव
शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांना प्रतिमा व संगणक यांचे साहाय्य

शस्त्र आणि किरण ही शरीरात खोलवर दडलेल्या व्याधीशी झुंजण्याची दोन प्रभावी साधने होत. शस्त्राने रोगट भाग कापून काढता येतो, तर किरणांनी तो जागच्या जागी नष्ट करता येतो. परंतु रोगट कोणते आणि निरोगी कोणते, हा भेद या दोन्ही साधनांना स्वतः होऊन करता येत नाही. गाठ मेंदूत असेल तर तिच्या शेजारीच वाचेचे अथवा दृष्टीचे केंद्र असते. घशात असेल तर मज्जारज्जू काही सेंटिमीटरवर असतो. नेम थोडा चुकला तरी गाठ मागे राहते आणि रुग्ण मात्र कायमचा पंगू होतो. सामर्थ्याची उणीव या साधनांना पूर्वीही नव्हती. उणीव होती ती नेमकी जागा कळण्याची. गेल्या सव्वाशे वर्षांत ही उणीव प्रतिमाशास्त्राने आणि पुढे संगणकाने कशी भरून काढली, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक उद्बोधक अध्याय आहे. त्यातील अखेरचे पान मात्र रुग्णाने आणि त्याच्या गावाने लिहावयाचे असते.

छायेच्या मर्यादा

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथील प्रयोगशाळेत क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १८९६ मध्ये, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॉन हॉल-एडवर्ड्स या डॉक्टरांनी काढलेल्या क्ष-किरणचित्राच्या आधारे शस्त्रक्रिया पार पडली. प्रतिमेने शस्त्राला वाट दाखविल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. या किरणांचा दुसरा गुणही त्यांच्याच वाट्याला आला. वर्षानुवर्षे किरणांच्या सान्निध्यात राहिल्याने त्यांच्या हातांना असाध्य इजा झाली आणि १९०८ साली त्यांचा डावा हात कापावा लागला. जो किरण आतले दाखवितो तोच पेशींचा नाशही करू शकतो, हे अशा अनुभवांतून पटले. प्रतिमाशास्त्र आणि किरणोपचार ही एकाच शोधाची दोन अपत्ये आहेत, ती अशी.

तथापि क्ष-किरणचित्र ही मुळात एक छाया असते. लिहिलेल्या दहा कागदांची चळत दिव्यासमोर धरली तर सर्व पानांवरील अक्षरे एकमेकांत मिसळून दिसतात. कोणते अक्षर कोणत्या पानावरचे, हे सांगता येत नाही. शरीराच्या छायेचेही तसेच होते. हाड ठळक उमटते, पण हाडांच्या पेटीत बंद असलेल्या मेंदूतील गाठ दिसत नाही. ती किती खोल आहे हे तर मुळीच कळत नाही. चळतीतील एकेक पान सुटे करून वाचता आले पाहिजे, अशी ही गरज होती.

चार चौकोनांचे गणित

या गरजेकडे शास्त्रज्ञाचे लक्ष वेधले गेले ते किरणोपचाराच्याच निमित्ताने. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे १९५६ साली अ‍ॅलन कॉरमॅक हे पदार्थविज्ञानाचे अध्यापक ग्रूट शूर रुग्णालयात आठवड्यातून काही वेळ काम करीत असत. कर्करोगाच्या रुग्णाला द्यावयाच्या किरणांची मात्रा ठरविताना सारे शरीर जणू एकाच पदार्थाचे बनले आहे असे धरून हिशेब होतो, हे त्यांनी तेथे पाहिले. वस्तुतः हाड किरणांना अधिक अडविते, फुप्फुस फारच कमी. कोणता भाग किती अडवितो हे शरीराला धक्का न लावता बाहेरून मोजता येईल काय, या प्रश्नाचे गणिती उत्तर त्यांनी १९६३ व १९६४ साली प्रसिद्ध केले. त्या वेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

या गणिताचे मर्म शाळेतील फळ्यावरही दाखविता येण्याजोगे आहे. चार चौकोनांत चार अंक झाकून ठेवले आहेत, अशी कल्पना करावी. वरच्या ओळीची बेरीज ८ व खालच्या ओळीची ९ आहे. डाव्या रकान्याची ५ व उजव्या रकान्याची १२ आहे. एवढ्यावरून अंक निश्चित होत नाहीत. वर ३ व ५ आणि खाली २ व ७ हे उत्तर जमते, तसेच वर ४ व ४ आणि खाली १ व ८ हेही जमते. परंतु डावीकडील वरचा आणि उजवीकडील खालचा चौकोन मिळून बेरीज १० होते, अशी तिरपी बेरीजही दिली की पहिलेच उत्तर खरे ठरते. आणखी एका दिशेने पाहिल्याबरोबर संशय फिटला. शरीराचा एक पातळ काप म्हणजे असे हजारो चौकोन होत. एका रेषेतून गेलेला क्ष-किरण किती क्षीण झाला हे मोजणे म्हणजे त्या रेषेवरील चौकोनांची बेरीज मिळविणे होय. अनेक दिशांनी अशा बेरजा घेतल्या म्हणजे प्रत्येक चौकोनातील अंक शोधता येतो.

तत्त्व सोपे असले तरी आकडेमोड मानवी हाताच्या आवाक्याबाहेरची होती. येथे संगणकाचे साहाय्य झाले. इंग्लंडमधील ई.एम.आय. कंपनीचे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या प्रयोगशाळेतील पहिल्या उपकरणाला एका कापाची मोजमापे घेण्यास ९ दिवस लागत. सुधारणा होता होता १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूची संगणकीय छेदप्रतिमा घेण्यात आली आणि तिच्या मेंदूतील गाठ डोक्याला छेद न देता प्रथमच स्पष्ट दिसली. त्या यंत्रात १८० दिशांनी प्रत्येकी १६० अशी २८,८०० मोजमापे घेतली जात आणि त्यांवरून ८० गुणिले ८० चौकोनांचे चित्र तयार होई. याच यंत्रास आज सर्वत्र सी.टी. स्कॅन म्हणतात. कॉरमॅक व हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. भारतीयांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, मोजमापांवरून चित्र झटपट उभे करण्याची एक मौलिक गणिती रीत जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली. पुढे छेदप्रतिमा-यंत्रांत ती दीर्घकाळ उपयोगी पडली आणि त्या दोघांच्या नावांनीच ओळखली जाते. पुढे क्ष-किरणांऐवजी चुंबकीय क्षेत्राचा उपयोग करणारी एम.आर.आय. पद्धती आली आणि मृदू ऊतींतील फरक अधिक स्पष्ट दिसू लागले.

नकाशा आणि जमीन

प्रतिमा मिळाली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. गावच्या नकाशावर गट क्रमांक स्पष्ट दिसत असला तरी शेतात उभे राहिल्यावर हद्द कोणती हे नकाशा आपोआप सांगत नाही. मोजणीदार हद्दीचा एखादा पक्का दगड शोधतो, नकाशावरील खूण आणि जमिनीवरील खूण जुळवितो आणि मगच पुढचे माप टाकतो. शल्यविशारदापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. प्रतिमा हा नकाशा, रुग्णाचे शरीर ही जमीन आणि या दोहोंची जुळवणी हे खरे कौशल्य होय.

मेंदूच्या बाबतीत या जुळवणीचा विचार संगणकाच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. लंडन येथे व्हिक्टर हॉर्स्ली व रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ साली प्राण्यांच्या डोक्यावर बसविण्याची एक धातूची चौकट तयार केली. डावे-उजवे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन अंकांनी मेंदूतील कोणताही बिंदू ठरवावयाचा, ही त्यामागील कल्पना. माणसासाठी अशी चौकट अमेरिकेत १९४७ साली स्पीगेल व वायसिस यांनी वापरली; स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांनी १९४९ साली आपली सुटसुटीत चौकट सिद्ध केली. छेदप्रतिमा आल्यावर चौकटीसह डोक्याचे चित्र घेता येऊ लागले आणि गाठीचे तीन अंक थेट वाचता येऊ लागले. कवटीला एक लहान छिद्र पाडून, ठरलेल्या कोनातून व ठरलेल्या खोलीपर्यंत सुई नेऊन गाठीचा कण तपासणीसाठी काढणे त्यामुळे शक्य झाले. १९८५ साली कॅलिफोर्नियात अशा कामी सुईची दिशा धरून ठेवण्यासाठी यंत्रमानवाचा हातही वापरण्यात आला.

पुढची पायरी चौकटीचे ओझे दूर करण्याची होती. १९८६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे डेव्हिड रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणि छेदप्रतिमा यांची चौकटीवाचून जुळवणी करून दाखविली. आजच्या मार्गदर्शक यंत्रणेत शस्त्रांवर परावर्तक गोळ्या बसविलेल्या असतात, अवरक्त किरणांचे कॅमेरे त्यांचे स्थान सतत टिपतात आणि शस्त्राचे टोक मेंदूत कोठे आहे हे संगणकाच्या पडद्यावर दिसत राहते.

परंतु जमीन स्थिर असते; शरीर स्थिर नसते. कवटी उघडून आतील द्रव वाहून गेला की मेंदू काहीसा खाली बसतो. हे सरकणे काही मिलिमीटरांपासून सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत असू शकते. सकाळी घेतलेला नकाशा दुपारी खोटा ठरावा, अशी ही स्थिती. तिच्यावर उपाय म्हणून शस्त्रक्रिया चालू असतानाच प्रतिमा घेण्याची सोय करण्यात आली. बोस्टन येथे १९९४ साली शस्त्रक्रियागृहातच एम.आर.आय. यंत्र उभारण्यात आले. याच तत्त्वाचे साधे रूप लहान शहरांतील रुग्णालयांतही पाहावयास मिळते. मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या हाडात सळई बसविताना डॉक्टर इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे जे क्ष-किरणयंत्र पलंगाभोवती फिरवितात, ते सी-आर्म होय. सळई व खिळे योग्य जागी चालले आहेत की नाहीत, हे त्याच्या पडद्यावर तत्क्षणी दिसते.

तेच गणित उलट बाजूने

शल्यविशारदाला गाठ निदान डोळ्यांनी पाहता येते. किरणोपचारात मात्र काहीच उघडले जात नाही आणि किरण दिसतही नाही. म्हणून प्रतिमेवरील भिस्त येथे अधिक मोठी असते. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट यंत्राने आणि १९५३ साली लंडन येथे रेषीय त्वरक यंत्राने रुग्णांवर उपचार सुरू झाले. त्यांचे किरण शरीरात खोलवर पोचत. परंतु वाटेतील निरोगी भागही भाजून निघण्याचा धोका होता.

त्यावरील तोड म्हणजे अनेक दिशांनी येणारे किरण गाठीवर एकत्र आणणे. प्रत्येक किरण एकटा सौम्य असतो. जेथे सारे एकमेकांस छेदतात तेथेच त्यांचा प्रभाव एकवटतो. लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली मांडलेली ही कल्पना १९६८ साली स्टॉकहोम येथील गॅमा नाइफ यंत्राच्या रूपाने मूर्त झाली. त्यात कोबाल्टच्या शंभराहून अधिक उगमांतून निघालेले किरण मेंदूतील एकाच बिंदूवर एकवटतात. हे नावापुरतेच सुरीयंत्र होय. त्यात सुरी कोठेही नाही.

येथे चार चौकोनांचे गणित पुन्हा उपयोगी पडते, पण उलट बाजूने. प्रतिमा घेताना बेरजा ठाऊक असतात आणि चौकोनांतील अंक शोधावयाचे असतात. उपचार आखताना चौकोनांतील अंक, म्हणजे गाठीला किती आणि मज्जारज्जूला फार तर किती किरण मिळावेत, हे आधी ठरविलेले असते; त्यावरून कोणत्या दिशेने किती किरण सोडावयाचे हे शोधावयाचे असते. हे काम संगणक करतो. यंत्राच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टन धातूच्या अनेक पातळ पट्ट्या त्याच्या आज्ञेनुसार पुढे-मागे सरकतात आणि किरणझोताला गाठीचा आकार देतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही पद्धती प्रत्यक्ष उपचारांत रूढ झाली. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात लाळग्रंथी वाचविणे तिच्यामुळे पुष्कळ अंशी साध्य झाले. उपचारानंतर रुग्णाला कोरडी भाकरी गिळता येणे वा न येणे हे या ग्रंथींवर अवलंबून असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सूक्ष्म आकडेमोडीचे मोल कळते.

दररोज नवी जुळवणी

किरणोपचार एका दिवसात उरकत नाही. निरोगी पेशींना झालेली इजा भरून निघण्यास अवधी मिळावा म्हणून एकूण मात्रा लहान हप्त्यांत विभागून देतात. सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, दररोज सुमारे २ ग्रे, याप्रमाणे पाच ते सात आठवडे उपचार चालतात. आखणी एकदाच होते; पण नकाशा आणि शरीर यांची जुळवणी दररोज करावी लागते. यासाठी त्वचेवर शाईच्या खुणा करतात. चेहऱ्याच्या व मानेच्या उपचारासाठी गरम पाण्यात मऊ केलेल्या जाळीदार प्लॅस्टिकचा मुखवटा रुग्णाच्या चेहऱ्यावर घडवितात आणि दर वेळी तोच बसवितात. आधुनिक यंत्रांत उपचारापूर्वी पलंगावरच छेदप्रतिमा घेऊन ती मूळ प्रतिमेशी ताडून पाहतात. श्वासाबरोबर हलणाऱ्या फुप्फुसातील गाठीसाठी श्वासाच्या ठराविक टप्प्यावरच किरण सोडण्याची व्यवस्था असते.

यंत्राची गफलत, माणसाची दक्षता

संगणकावर विसंबताना एक धडा विसरता कामा नये. थेरॅक-२५ नावाच्या संगणकनियंत्रित उपचारयंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे ६ रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरण मिळाले आणि त्यांतील काही दगावले. आधीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अटकाव काढून सुरक्षिततेची सारी मदार संगणकाच्या आज्ञावलीवर ठेवण्यात आली होती आणि त्या आज्ञावलीतच दोष होते. यंत्राने पडद्यावर दाखविलेला अंक स्वतंत्रपणे पडताळून पाहणारा माणूस हवाच, हा त्यातील बोध. भारतात किरणयंत्रांच्या सुरक्षिततेवर १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ देखरेख ठेवते. रुग्णालयातील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ यंत्राची मात्रा नियमितपणे मोजून पाहतात. गाठीची सीमा आखून देणारे संगणक आता आले असले, तरी ती सीमा तपासून मान्य करण्याचे उत्तरदायित्व डॉक्टरांचेच आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबई येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे देशी बनावटीचे कोबाल्ट यंत्र विकसित केले. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संकुलात प्रोटॉन किरणोपचाराची सोयही उपलब्ध आहे. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकून थांबतात, म्हणून बालरुग्णांच्या वाढत्या अवयवांना ते विशेष उपकारक ठरतात. नागपूर येथील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शी येथील नर्गीस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांमुळे विदर्भ, मराठवाडा व सोलापूर भागांतील रुग्णांना प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व किरणोपचार यांचा अंतर्भाव आहे. मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या गरीब रुग्णांना दादर येथील संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आसरा देत आली आहे.

गावाने काय करावे

एवढे अचूक साधन हाती असूनही त्याचे यश अखेर एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते. ती म्हणजे रुग्णाने ठरलेल्या प्रत्येक दिवशी येणे. ग्रामीण भागात या उपचाराला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात आणि या नावांमुळे काही गैरसमज दृढ झाले आहेत. हा उष्णतेचा शेक नव्हे. किरण सोडला जात असताना रुग्णाला वेदना होत नाही. बाहेरून दिलेल्या किरणांमुळे रुग्णाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. तो घरी परतल्यावर मुलाबाळांनी त्याच्याजवळ बसण्यास कोणताही धोका नसतो. तोंड येणे, त्वचा काळवंडणे यांसारखे त्रास होतात. परंतु त्यांवर उपाय असतात. त्रास वाढला म्हणून, पेरणी आली म्हणून किंवा गाठ लहान झाली म्हणून मधूनच उपचार सोडणे घातक ठरते. राहिलेल्या कर्कपेशी त्या खंडात पुन्हा वाढू लागतात. विशेषतः तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबल्याने बरे होण्याची शक्यता घटते. त्वचेवरील खुणा घासून पुसणे म्हणजे तर मोजणी झाल्यावर हद्दीचा दगड उपटून टाकण्यासारखेच होय.

पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांना येथे पुष्कळ करता येण्यासारखे आहे. तोंडातील न भरणारी जखम, बसलेला आवाज, अवेळी होणारा रक्तस्राव अशी लक्षणे दिसताच तपासणीचा आग्रह धरणे, शिधापत्रिका व आधारपत्र यांसारखी योजनेसाठी लागणारी कागदपत्रे वेळेत पुरी करून देणे, सहा-सात आठवड्यांच्या काळात रुग्णाच्या शेताची व गुरांची काळजी वाहण्यासाठी भावकी व शेजारी यांना एकत्र आणणे, रजेचा अर्ज विनाविलंब मंजूर करणे, या सर्व गोष्टी गावातच होण्यासारख्या आहेत. व्याधीचा नेमका ठाव संगणक सांगू शकतो आणि किरण त्या जागी नेमका पोचविता येतो. पण रुग्ण त्या यंत्राखाली दररोज, न चुकता, वेळेवर पोचेल की नाही हे गावावर अवलंबून आहे.